उणे वीसची स्लीपिंग बॅग

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

ऑफिसच्या स्टोअर्समध्ये ही वही कोरी पडून होती, घरी आणली. कुणाला दाखवायची नाही. तयारीचं रेकॉर्ड असावं म्हणून लिहितोय.

तर. जेवताना दर्शनाने सांगितलं की डिसेंबरच्या सुट्टीत तिच्या शाळेतल्या काही टीचर उत्तराखंडला ट्रेकला चालल्यात आणि ती पण जातेय. बर्फातला ट्रेक. तंबूत झोपायचं. शर्मिष्ठा मॅडमने ग्रुपचं बुकिंग केलंय. मला विचारलं नाही, सांगितलं. आमची मुलगी सई नागपूरला हॉस्टेलला गेल्यापासून हे असंच चाललंय. मी म्हटलं, मी पण येतो. तिने दोन घास खाल्ले. मग म्हणाली, किरण, तुला थंडी सोसत नाही रे. माथेरानला डोक्याला टॉवेल गुंडाळून झोपला होतास.

माथेरानला तयारी नव्हती. तयारी असली की थंडी वाजत नाही, हे सायन्स आहे.

मनातून तिला आनंद झालाय. दाखवत नाही, एवढंच.

ठराव: दोघांच्या झोपायच्या सामानाची आणि कपड्यांची जबाबदारी पूर्ण माझी. तिने फक्त चालायचं.

९ ऑक्टोबर, बुधवार

तीन दिवसांत सव्वीस व्हिडिओ बघितले. विषय अवघड नाही. अंगाला चिकटून एक लेयर, मध्ये एक, बाहेर एक. हे दर्शनाला सविस्तर समजावून सांगितलं. ती सहावीच्या वह्या तपासत होती. मध्ये मध्ये हं म्हणत होती. इंटरेस्ट वाढतोय.

पंचवीस वर्षं विक्रोळीला लिफ्टच्या सुट्या पार्टांचं स्टोअर सांभाळतोय. खोक्यात काय आहे ते लेबल बघून सांगतो, खोकं उघडायला लागत नाही. ट्रेकिंगच्या सामानाचंही तेच आहे. लोक उगाच बाऊ करतात.

१३ ऑक्टोबर, रविवार

अंधेरीला सामानाच्या दुकानात जाऊन आलो. दर्शना सोबत होती. काउंटरवरचा माणूस चौकशा करायला लागला. कुठे जाताय, किती उंचीवर, मॅडमना थंडी जास्त वाजते का. मग त्याने पिसांच्या बॅगा काढल्या. महाग माल गळ्यात मारायचा डाव मी लगेच ओळखला. पलीकडच्या रॅकवर मला स्वतःलाच बरोबर वस्तू सापडली. निळी स्लीपिंग बॅग, वर हाताएवढ्या पांढऱ्या आकड्यांत −२०. तिथली थंडी फार तर उणे तेरा. म्हणजे सात डिग्री शिल्लक उरते. दोन उचलल्या.

दर्शना बॅगेच्या आत शिवलेली पट्टी वाचत बसली. म्हणाली, अरे, इथे तीन आकडे आहेत. कम्फर्ट अधिक दोन, लिमिट उणे चार, एक्स्ट्रीम उणे वीस. काउंटरवरचा म्हणाला, मॅडम बरोबर वाचतायत, बघायचा तो कम्फर्टचा आकडा. एक्स्ट्रीम म्हणजे तेवढ्या थंडीत माणूस कसाबसा रात्र काढतो. मी म्हटलं, काढतो ना? झालं तर मग.

बाहेर आल्यावर दर्शनाला सांगितलं की बारीक अक्षरं कंपनीच्या वकिलासाठी असतात. लिफ्टमध्ये पण सहा माणसं लिहितात, आठ जातात. ती म्हणाली, आणि मग अडकतात. जाऊ दे. मूड नव्हता तिचा.

२० ऑक्टोबर, रविवार

टेस्टिंग. बेडरूमचा एसी सोळावर, पंखा पाचवर, मी बॅगेत चेन बंद करून. दर्शना उशी घेऊन हॉलमध्ये गेली. पंचवीस मिनिटांत घामाने चिंब झालो. बॅग पास.

१० नोव्हेंबर, रविवार

दुसरी टेस्ट, खऱ्या कंडिशनमध्ये. नितेश गावडे, शाळेपासूनचा दोस्त, भांडुपला आइस्क्रीमच्या कोल्ड स्टोरेजला सुपरवायझर आहे. आत उणे अठरा. बॅग घेऊन गेलो. तो म्हणाला, मेल्या, खुळो झालंस काय? तरी आत घेतलं. खोक्यांच्या दोन रांगांच्या मध्ये लादीवर बॅग पसरून आडवा झालो. नितेश जाड कोट घालून, हातात घड्याळ धरून डोक्याशी उभा.

चार मिनिटांनी बाहेर आलो. नितेशची ड्यूटी बदलायची वेळ झाली होती, त्याला अडकवून ठेवणं बरोबर नाही. चार मिनिटांत काही झालं नाही, तर आठ तासांत काय होणार? बॅगेला काय घड्याळ कळतं?

चहा पिताना नितेश म्हणाला, लादी पाठीतसून ऊब खाता रे. खाली काय घालतलंस? मी सांगितलं, दर्शनाची योगा मॅट आहे ना घरात. तो हसला नाही. म्हणाला, जाड मॅट घे, बायकोक तरी घे. नितेशला आइस्क्रीममधलं कळतं. ट्रेकिंग वेगळा विषय आहे.

पाठ धरलीय. ऑफिसची खुर्ची बदलायला सांगायला हवी.

२४ नोव्हेंबर, रविवार

कपडे फायनल केले. शर्मिष्ठा मॅडमने लिस्ट पाठवलीय, त्यात लिहिलंय सुती काही आणू नका, सुती ओलं झालं की सुकत नाही. मला हे पटत नाही. आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सुतीच घालत आली. घाटकोपर स्टेशनबाहेरून डझनभर सुती मोजे घेतले. माझा फॉर्म्युला: एकावर एक तीन मोजे. हवा अडकते, ऊब राहते.

दर्शनाला तीन मोजे आणि नवे बूट घालून घरात चालायला लावलं. स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आली आणि म्हणाली, बोटं हलत नाहीत. मी म्हटलं, घट्ट म्हणजे गरम. तिने स्वतःच्या मनाने लोकरीच्या मोज्यांचा एक जोड आणलाय. वाद नको म्हणून त्याला परवानगी दिली, पण त्यावर सुती दोन घालायचेच.

एक जास्तीची सेफ्टी म्हणून फ्लीसचे दोन लायनर पण घेतले. लायनर म्हणजे स्लीपिंग बॅगेच्या आत घालायची मऊ पिशवी. एक तिचा, एक माझा. दोन्ही माझ्या सॅकमध्ये ठेवलेत, म्हणजे हरवायला नको.

इतकी काळजी घेणारा नवरा किती जणींना मिळतो?

६ डिसेंबर, शुक्रवार

दादरला अभिवादनाला जाऊन आलो. पहाटेपासून रांगेत. पाच तास लागले, तरी पाय दुखले नाहीत. स्टॅमिना तयार झालाय, वेगळ्या व्यायामाची गरज नाही. दर्शना शाळेच्या बायकांबरोबर पाणी वाटपाच्या स्टॉलवर होती, सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभी. घरी आल्यावर म्हणाली, पाचातले दोन तास तू फुटपाथवर पेपर अंथरून बसला होतास, शर्मिष्ठाने बघितलं. शर्मिष्ठा मॅडमना दुसऱ्यांकडे बघायला फार वेळ असतो.

१५ डिसेंबर, रविवार

पॅकिंग. शर्मिष्ठा मॅडमने दर्शनाला पिसांचं जॅकेट दिलं होतं, त्यांच्याकडे दोन आहेत म्हणे. मी परत देऊन आलो. उसन्या कपड्यांवर हिमालयात जायचं? माझं ऑफिसचं स्वेटर आणि वर रेनकोट, तिला एवढं पुरेसं आहे.

आणखी एक गोष्ट मी वेळेवर पकडली. ट्रेकवाल्यांच्या फॉर्ममध्ये विचारलंय, भाड्याची स्लीपिंग बॅग आणि मॅट हवी का. मी अर्थातच नको लिहिलं. दर्शनाने तिच्या फॉर्मवर हवी अशी टिक केली होती. ऑफिसमधून फोन करून तिचंही बदलून घेतलं. घरात नव्या कोऱ्या बॅगा असताना दुसऱ्याच्या घामाच्या बॅगेत कशाला झोपायचं? तिला तिथे गेल्यावर सांगेन. आत्ता सांगितलं तर उगाच विषय वाढेल.

२५ डिसेंबर, बुधवार, संध्याकाळी ५

देहरादूनहून दहा तास गाडीने पायथ्याच्या गावात पोचलो. गाव छान. हवा जरा गार.

ट्रेक लीडर एक मुलगी आहे, जानकी रावत. अंगाने बारीक, आवाज खणखणीत. तिने सगळ्यांचं सामान ओट्यावर काढायला लावलं. माझी बॅग हातात घेतली, समोरचा आकडा बघितलाच नाही, सरळ आतली पट्टी उलटली. मग हिंदीत म्हणाली, सर, ही बॅग वर चालणार नाही. मी मोठा आकडा दाखवला. ती म्हणाली, तो झोपण्यासाठी नाहीये. मग यादी बघून म्हणाली, मॅडमनी तर आधी बॅग मागितली होती, नंतर रद्द का केली? आता ख्रिसमसची गर्दी आहे, एकही जादा बॅग नाही.

दर्शना माझ्याकडे बघत राहिली. ओरडली नाही. फक्त म्हणाली, माझ्या नावापुढे तू लिहिलंस?

मी जानकीला सांगितलं की आमच्याकडे दोन लायनर आहेत. मग ती थोडी शांत झाली. म्हणाली, ठीक आहे, लायनरशिवाय अजिबात झोपायचं नाही, झोपताना मोजे कोरडे पाहिजेत, आणि थंडी वाजली तर मला उठवायचं, लाजायचं नाही. दर्शनाला म्हणाली, कधीही उठवा.

बघा. माझ्या लायनरमुळेच परवानगी मिळाली. याची नोंद कुणी घेतली नाही.

२७ डिसेंबर, शुक्रवार, सकाळी ८

तंबूतली पहिली रात्र झाली. बाहेर उणे सहा होतं. लायनर दोघांनी घातले. बॅगेने उत्तम काम केलं. मला झोप थोडी कमी लागली, पण ते उंचीमुळे.

दर्शना उठून बसली आणि म्हणाली, रात्रभर डोळा लागला नाही, खालून बर्फावर झोपल्यासारखं वाटत होतं. मी म्हटलं, असं होऊच शकत नाही. बॅग उणे वीसची, बाहेर उणे सहा, हिशेब कर. ती म्हणाली, किरण, मला थंडी वाजली. मी म्हटलं, थंडी वाजणं वेगळं आणि वाजल्यासारखं वाटणं वेगळं. मनाची तयारी नसली की असं होतं.

ती बॅगेतून बाहेर आली. मग बूट चढवून शर्मिष्ठा मॅडमच्या तंबूत चहा प्यायला गेली. तिचा चहा इकडे निवून गेला, म्हणून मी प्यायलो.

२७ डिसेंबर, संध्याकाळी ५

वरच्या कॅम्पला पोचलो. चार तास बर्फातून चढ. दर्शना माझ्या पुढे होती, सगळ्यांच्याच पुढे होती. मी मागून सामानावर लक्ष ठेवत आलो.

मोजे थोडे ओले झालेत. म्हणजे सगळेच. लोकरीचे पण. ते सुती मोज्यांच्या आत असल्यामुळे त्यांच्यात पाणी उतरलं. दर्शना म्हणाली, शर्मिष्ठाकडे कोरडा जोड आहे, मागून आणते. मी म्हटलं, कशाला सारखं मागायला जायचं, आपण काय भिकारी आहोत का? ओलेच घालून झोप, अंगाच्या उबेने सकाळपर्यंत सुकतात. एका व्हिडिओत बघितलंय.

ती वाद घालत नाही आता. समजतंय तिला.

पहाटे तीनला शिखरासाठी निघायचं आहे.

२८ डिसेंबर, शनिवार, दुपारी ३

नीट, क्रमाने लिहितो.

रात्री उणे तेरा. दर्शना दमून आधीच झोपली होती, लायनर सॅकमधून काढायच्या आधी. मी माझा लायनर घातला. साधारण अकरा वाजता मला जरा कमी पडतंय असं वाटलं. तिला उठवून लायनर देणं बरं दिसलं नसतं, इतकी शांत झोपली होती. आणि ज्याच्यावर सगळी जबाबदारी, तोच आजारी पडला तर दोघांची वाट लागणार. म्हणून तिचा लायनर पण मी वापरला. त्यानंतर मला बरी झोप लागली. लायनर चांगल्या क्वालिटीचे आहेत.

पहाटे निघालो. अर्ध्या तासाने मी परत फिरलो. कॅम्पवर कुणीतरी असावं म्हणून. ती पुढे गेली.

सातच्या सुमाराला जानकी तिला खांद्याचा आधार देत खाली घेऊन आली. दर्शना म्हणत होती की पायाची बोटं आहेत की नाहीत तेच कळत नाहीये. बूट काढायला दोघं लागले. बोटं पांढरी होती. डाव्या पायाची जास्त. जानकीने एक बोट दाबलं, ते दबलं नाही, मेणबत्तीसारखं टणक. जानकीने मोजे हातात घेतले आणि पिळले. पाणी निघालं. मग माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा मला आवडला नाही.

दर्शनाला खेचरावर बसवून खाली आणलं. मी पायी. सगळा रस्ता शर्मिष्ठा मॅडम तिच्या बाजूने चालत होत्या, त्यामुळे मला जागा मिळाली नाही.

बूट फॉल्टी आहेत. बिल जपून ठेवलंय.

३० डिसेंबर, सोमवार, देहरादून

हॉस्पिटल. कोमट पाण्यात पाय बुडवले तेव्हा ती ओरडली. तिला मूल होताना मी बाहेर बसलो होतो, तेव्हाही असा आवाज ऐकला नव्हता.

बोटांवर फोड आलेत. दोन बोटांवरचे रक्ताचे आहेत. डॉक्टर म्हणाले, हे वाईट लक्षण. त्यांनी सगळं विचारून लिहून घेतलं. बॅग कुठली, खाली काय होतं, मोजे ओले होते का. मी सांगत होतो. मग विचारलं, लायनर होता का? मी म्हटलं, हो, दोन होते.

हे खरं आहे. दोन होतेच.

दर्शनाने मान खिडकीकडे वळवली. बाहेर नुसती पार्किंगची जागा आहे, बघण्यासारखं काही नाही.

बॅगेच्या कंपनीला तक्रार लिहायला घेतली. चार पानं झाली.

५ जानेवारी २०२५, रविवार

मुंबईला आलो. एअरपोर्टवर दर्शनाची बहीण सपना गाडी घेऊन उभी होती. म्हणाली, दाजी, ताईला मी मुलुंडला नेते. आमचं घर तळमजल्यावर आहे, तुमच्याकडे तिसरा मजला आणि लिफ्ट नाही. मुद्दा बरोबर आहे. पंधरा-वीस दिवसांचाच प्रश्न.

मी म्हटलं, सामान तरी घरी नेतो. दर्शना म्हणाली, माझी सॅक सपनाच्या गाडीत टाक.

घाटकोपरला, पंतनगरच्या घरी आल्यावर भांडी, कपडे सगळं जागेवर होतं. बरं आवरून गेलो होतो. तिने आवरलं होतं.

१९ जानेवारी, रविवार

मुलुंडला जाऊन आलो. डाव्या पायाची तीन बोटं आणि उजव्याचं करंगळीचं बोट काळं पडलंय. सुकलेल्या खारकेसारखं. इथले डॉक्टर म्हणतात, थांबायचं. जिवंत भाग कुठे संपतो ती रेघ स्पष्ट व्हायला सहा-आठ आठवडे लागतात. मग ठरवायचं. मी विचारलं, औषधाने परत येऊ शकतात ना? डॉक्टर म्हणाले, साहेब, ती गेलेली आहेत. मला वाटतं दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायला हवं. हे फार निगेटिव्ह बोलतात.

सई नागपूरहून येऊन आईपाशी चार दिवस राहून गेली. मला सपनाकडून कळलं. फोन केला तर म्हणाली, बाबा, आत्ता नको.

दर्शना माझ्याशी नीट बोलते. चहा घेतलास का विचारते. तेव्हा राग वगैरे काही नाही. रोज रात्री पाय ठणकतो, ती झोपत नाही असं सपना म्हणाली. मी एक उशी घेऊन गेलो होतो, पाय उंच ठेवायला. त्यांच्याकडे आधीच होती.

ठराव: रोज मुलुंडला जायचं.

९ फेब्रुवारी, रविवार

मार्च एंडचं स्टॉक चेकिंग आत्ताच सुरू झालंय. मुलुंडला जाणं झालं नाही. या आठवड्यात एकदा, मागच्या आठवड्यात एकदा. क्वालिटी महत्त्वाची, नुसती संख्या नाही.

बॅगेच्या कंपनीचं उत्तर आलं. तीन ओळी. पट्टीवर कम्फर्ट तापमान स्पष्ट छापलेलं आहे असं म्हणतात. सोबत पट्टीचा फोटो.

नितेश भेटला होता. त्याला सगळं सांगितलं, लायनरचं सोडून. तो म्हणाला, वहिनीक बघूक येतंय. मी म्हटलं, नंतर ये.

२० फेब्रुवारी, गुरुवार, संध्याकाळी ६, हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये

उद्या ऑपरेशन. आज ॲडमिट केलं. सपना कागद करायला खाली गेली, तेव्हा खोलीत आम्ही दोघंच होतो. कितीतरी दिवसांनी.

मला वाटलं धीर द्यावा. म्हटलं, जे झालं त्यात कुणाचाच दोष नाही, डोंगराचा भरवसा नसतो. त्या रात्री तू इतकी गाढ झोपली होतीस, तुला कळलं पण नाही किती थंडी होती.

ती म्हणाली, मी जागी होते.

मी पलंगावरची चादर सारखी केली.

ती म्हणाली, तू सॅकची चेन उघडलीस. दुसरा लायनर काढलास. मला वाटलं माझ्यासाठी काढतोयस. मी बॅगेतून हात बाहेर काढला होता.

अंधार होता, मी म्हटलं.

हो, ती म्हणाली. मग तू तो स्वतःवर ओढून घेतलास. मी हात परत आत घेतला.

मी विचारलं, मग हाक का नाही मारलीस? जानकीला तरी उठवायचं. ती म्हणाली होती ना, कधीही उठवा.

दर्शनाने जरा विचार केला. खरंच आठवून बघितल्यासारखा. म्हणाली, त्यानंतर कुणाला हाक मारावीशी वाटली नाही.

सपना वर आली. सहीसाठी कागद होता, त्यावर नवऱ्याची सही चालते. दर्शना म्हणाली, मी करते, माझे हात ठीक आहेत.

चहा निवला. हे लिहिताना काहीतरी कारण लिहायचं होतं. नंतर लिहीन.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

झालं. डाव्याची तीन, उजव्याचं एक.

मी बाहेर होतो. सपना आत गेली.

२३ मार्च, रविवार

मुलुंडला गेलो. चार पानं लिहून नेली होती, पाठ पण केली होती.

दार दर्शनानेच उघडलं. काठीशिवाय. टाच आधी टेकवते, मग पाऊल, आणि पुढे वजन येऊ न देता उचलते. खोलीत पलंगावर सहावीचे पेपर पसरले होते. शाळेत अजून जात नाही, शर्मिष्ठा मॅडम गठ्ठे आणून देतात. सपना भाजीला गेली होती. मी खिशातून पानं काढली.

दर्शना म्हणाली, वाचू नकोस.

मी म्हटलं, माफी आहे त्यात.

ती म्हणाली, असेल. पण चार पानं आहेत, म्हणजे दुसरंही बरंच असणार.

होतं. पहिलं पान बॅगेच्या कंपनीवर होतं, दुसरं बुटांवर. तिसऱ्यात जानकी. पानं घडी घालून खिशात ठेवली. पाठ केलेलं सगळं त्या पानांतच होतं.

शेवटी म्हटलं, लायनर मी घेतला. तू झोपलीस की जागी आहेस ते मी बघितलंच नाही. मला फार थंडी वाजत होती, दर्शना. पहिल्या रात्रीपासूनच. दुसऱ्या रात्री मला वाटलं मी मरतो.

तिने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, हे तेव्हा बोलला असतास ना, तर आपण दोघं उठून जानकीकडे गेलो असतो.

एवढंच. पुढचा पेपर ओढला. लाल पेन घरंगळून पलंगाखाली गेलं, तिला वाकता येत नाही, म्हणून मी खाली बसून काढून दिलं. तिने दोन पेपर तपासले. दुसऱ्याला वीसपैकी सतरा दिले. मी बसून होतो.

विचारलं, घरी कधी?

ती म्हणाली, नाही रे. तिकडे नाही यायचं मला. आवाज चढवला नाही, पेपरावरून नजर पण काढली नाही. मी म्हटलं, पाय पूर्ण बरा झाल्यावर? ती म्हणाली, पायाचं नाहीये ते.

मग सपना आली, मेथी निवडायला बसली. मला चहा दिला. पिऊन निघालो. दर्शना दारापर्यंत आली नाही, आणि ते बरोबरच होतं, सारखं उठणं तिला त्रासाचं आहे.

आल्या आल्या या पानावर सगळ्यात वर लिहिलं होतं की मे महिन्याची सुट्टी लागली की ती घरी येईल. आत्ता खोडलं. ती तसं काही म्हणाली नव्हती.